इंग्लंडमधल्या जुन्या घटस्फोटाचा कागद: मागवला, सात महिने वापरला

तीस वर्षं आम्हा सगळ्यांना वाटत होतं, अक्काचा घटस्फोटाचा कागद ट्रंकेत आहे. ट्रंकेत कागद होताही, पण त्यानं घटस्फोट झाला असं म्हणता येत नव्हतं.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. लग्न लेस्टरला रजिस्टर झालेलं, १९९१ साली तिथंच मोडलं, आणि तेव्हापासून ती बेळगावच्या शहापुरात आमच्याकडे. गेल्या वर्षी, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, तिनं निपाणीच्या एका विधुर मास्तरांशी लग्न करायचं ठरवलं. घरात कुणाची ना नव्हती, उलट आईला जाऊन दहा वर्षं झाल्याचं तेवढ्यापुरतं वाईट वाटलं. स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टखाली नोटीस द्यायची, तर त्यातली पहिलीच अट अशी की दोघांपैकी कुणाचाही जोडीदार हयात नसावा, म्हणजे आधीचं लग्न कायद्यानं संपलेलं असावं. म्हणून कागद घेऊन वकिलांकडे गेलो.

त्यांनी तो खिडकीच्या उजेडाकडे धरून वाचला आणि विचारलं, "हा निसी आहे. अ‍ॅब्सोल्यूट कुठाय?"

इंग्लंडात त्या वेळी घटस्फोट दोन टप्प्यांत व्हायचा. आधी डिक्री निसी. सहा आठवड्यांत कुणी सबळ कारण दाखवलं नाही तर हुकूम कायम करता येईल, अशा अर्थाची ओळ त्यातच असते. पुढं वेगळा अर्ज करून डिक्री अ‍ॅब्सोल्यूट घ्यावी लागते, लग्न संपतं ते त्या दिवशी. अक्काला तो दुसरा अर्ज केल्याचं काही आठवेना. "सॉलिसिटरनं पाठवलं ते एवढंच रे," म्हणाली. त्या रात्री ती झोपली नाही, मीही नाही. अर्ज झालाच नसेल तर ती अजून त्या माणसाची बायको ठरत होती.

मग माझ्याकडून एक चूक झाली. 'परदेशी सर्टिफिकेट काढून देतो' म्हणणाऱ्या एका एजंटाला अठरा हजार दिले. दोन महिन्यांनी त्यानं पाठवला तो अक्काच्या लग्नाचा दाखला. जन्म, मृत्यू, लग्न यांचे दाखले तिकडं जनरल रजिस्टर ऑफिसकडून मिळतात. घटस्फोटाची नोंद तिथं नसते, ती कोर्टात असते. एवढं माहीत असतं तर पैसे वाचले असते. तरी तो दाखला पुढं कामाला आला, कारण त्यावर अक्काचं नाव तिथं कसं लिहिलं गेलं ते कळलं.

केस नंबर आणि कोर्ट माहीत असेल तर थेट त्या कोर्टाकडून प्रत मागता येते. आमच्या निसीवर नंबर होता त्याच कोपऱ्याला घडी पडून कागद तुटलेला, आणि ते कोर्टही आता बंद झालेलं. मग उरतो डी ४४० नावाचा फॉर्म. तो लंडनच्या हाय हॉलबर्नवरच्या सेंट्रल फॅमिली कोर्टाला जातो, तिथं इंग्लंड आणि वेल्स दोन्हीकडच्या घटस्फोटांची सूची आहे. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडचं खातं वेगळं. शोध दहा-दहा वर्षांच्या टप्प्यानं होतो. आम्ही एका टप्प्याचे ६५ पौंड भरले, तिकडं असलेल्या भाच्यानं ते पाठवले. वर्ष नक्की ठाऊक नसेल तर टप्पे वाढतात, पैसेही वाढतात.

फॉर्म भरताना सगळा वेळ नावावर घालवा, हे मी कळकळीनं सांगतो. आपल्या बेळगाव भागात एकाच बाईचं नाव मराठी शाळेच्या दाखल्यावर एक्स घालून 'लक्ष्मी' असतं आणि कन्नडवाल्या ऑफिसात के-एस-एच घालून. लेस्टरच्या दाखल्यावर एक्स होता, आधार कार्डावर के-एस-एच. आम्ही फॉर्मवर लग्नाच्या दाखल्याप्रमाणेच लिहिलं.

साडेपाच आठवड्यांनी भाच्याचा फोन आला, "मामा, सापडलं." डिक्री अ‍ॅब्सोल्यूट होती. अर्ज झालेला होता. अक्का स्वयंपाकघरात भाकरी थापत होती, पीठभरल्या हातांनीच खाली बसली.

प्रत आली की लगेच भारतात मागवू नका. आधी तिकडच्याच परराष्ट्र खात्याकडून अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचं दुसऱ्या देशात चालणारं प्रमाणपत्र, लावून घ्या. इथं अनेकांनी दिल्लीला पाठवा म्हणून सांगितलं, ते चूक. कागद ज्या देशाचा, शिक्का त्याच देशाचा. भारतात अपोस्टिलचा हेग करार १४ जुलै २००५ पासून लागू आहे. या करारातल्या देशाचा कागद असेल तर वकिलातीत वेगळं प्रमाणन लागत नाही. अपोस्टिल म्हणजे डिक्रीच्या मागे चिकटवलेला एक कागद. त्यावर उठावाचा शिक्का असतो, बोट फिरवलं की लागतो. नंबर आणि तारीख घालून तो खरा की खोटा हे ऑनलाइन पडताळता येतं. एका कचेरीत साहेब "हे काय, नुसता कागद" म्हणाले तेव्हा मी मोबाइलवर पडताळणी करून दाखवली. त्यानंतर त्यांनी फाइल पुढं सरकवली.

वकिलांनी आणखी एक प्रश्न विचारला, तोही महत्त्वाचा. परदेशी कोर्टाचा निकाल इथं मानायचा का हे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३ वर ठरतं, आणि हिंदू विवाहाबाबत १९९१ च्या नरसिंह राव खटल्यात सुप्रीम कोर्टानं एकतर्फी परदेशी डिक्र्यांवर बंधनं घातली आहेत. अक्काचं लग्न तिथलंच, दोघं तिथंच राहणारे, घटस्फोटाचा अर्ज तिनं स्वतः केलेला आणि दोन वर्षं वेगळं राहून दोघांची संमती, म्हणून आमचा रस्ता मोकळा होता. नवऱ्यानं परस्पर घेतलेली डिक्री असेल तर आधी वकील गाठा.

कन्नड भाषांतर दोनदा करावं लागलं. पहिल्या भाषांतरकारानं निसी आणि अ‍ॅब्सोल्यूट दोन्हींना नुसतं 'विवाह विच्छेदन' लिहिलं होतं. दुसऱ्यानं 'अंतिम' हा शब्द घातला आणि नोटरी केलं. नावातल्या फरकासाठी 'दोन्ही एकच व्यक्ती' असं अफिडेव्हिट जोडलं. तीस दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार, आणि अक्काचं लग्न झालं. २०२२ च्या एप्रिलपासून नव्या अर्जांत अ‍ॅब्सोल्यूटला 'फायनल ऑर्डर' म्हणतात, शोधताना दोन्ही शब्द घालून बघा.

प्रती तीन मागवल्या होत्या, तिन्हींवर अपोस्टिल. एक नोटिशीच्या फाइलला लागली, एक निपाणीला अक्काच्या कपाटात, एक माझ्याकडे. गेल्या आठवड्यात बँकेनं नॉमिनी बदलायला मागितली. ओरिजिनल दाखवली, झेरॉक्स दिली, ओरिजिनल परत घेऊन आलो.