ग्लू पुलर किट: पुलरपेक्षा ग्लू महत्त्वाचा

गाडीच्या पत्र्यावरचा डेंट रंगाला हात न लावता ओढून काढायच्या किटमध्ये साधारण ब्रिज पुलर (डेंटच्या दोन्ही बाजूंना पाय टेकवून स्क्रूने ओढणारं साधन), स्लाइड हॅमर (दांड्यावरचं वजन सरकवून झटक्याने ओढणारं साधन), डेंटवर चिकटवून ओढायचे प्लास्टिकचे लहानमोठे टॅब, ग्लू गन, ग्लूच्या कांड्या आणि नायलॉनचा पंच येतो. बघणाऱ्याचं लक्ष आधी पुलरकडे जातं. पण काम फसतं ते बहुतेक वेळा ग्लूमुळे. गन २० वॅटची आणि कांडी ७ मिलिमीटरची असेल तर मोठ्या टॅबवर ग्लू पसरेपर्यंत तो थंड होऊ लागतो आणि पत्र्याला नीट धरत नाही. ११ मिलिमीटरच्या कांडीची जास्त ताकदीची गन असलेलंच किट घ्यावं, बाकी सामान थोडं कमी असलं तरी चालेल.

हे किट कामाचं आहे ते उथळ, गोलसर आणि कंपनीचा मूळ रंग शाबूत असलेल्या डेंटसाठी. दरवाजाचा मधला भाग, बॉनेट, छत इथे ते छान चालतं. धारदार घडी पडली असेल, डेंट पॅनलच्या कडेला किंवा बॉडीलाइनवर, म्हणजे पत्र्यातल्या उठावाच्या रेघेवर असेल तर पत्रा ताणलेला असतो. ओढून तो सपाट होत नाही, नुसता लाटा धरतो. पुट्टी भरून पुन्हा रंगवलेल्या पॅनलवर तर वापरूच नका, टॅबबरोबर रंगाचा पापुद्रा निघून येऊ शकतो. प्लास्टिकच्या बंपरलाही हे किट नको. तिथे गरम पाणी ओतून आतून हाताने दाबणं बरं.

जागा धुऊन आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. वॅक्सचा जराही थर राहिला तर टॅब सुटणारच. टॅब डेंटपेक्षा किंचित लहान घ्या, त्यावर ग्लू लावा, डेंटच्या अगदी खोल बिंदूवर टेकवा आणि हलकेच दाबा. जोरात दाबला तर ग्लू बाजूला निघून जातो. मग थांबायचं. ग्लू कोमट असताना ओढला तर तो रबरासारखा ताणला जातो, फार गार झाला तर तडकन सुटतो. पत्रा उन्हात तापलेला असेल तर ग्लू धरतच नाही, म्हणून काम सावलीत करा.

छोट्या डेंटला ब्रिज पुलर चांगला, कारण स्क्रू फिरवत हळूहळू ओढता येतं. मात्र त्याचे पाय डेंटच्या शेजारीच टेकतात; पातळ पत्र्यावर पायाखाली रबर नसेल तर तिथे दोन नवे खड्डे पडतात. रुंद डेंटला स्लाइड हॅमर, पण एका दणक्यात नाही. कमी जोराचे चार-पाच ओढे द्या, दर वेळी टॅब काढून पुन्हा चिकटवा. टॅब सोडवताना कडेने अल्कोहोल सोडलं की ग्लू सहज निघतो. उचकटायला नख किंवा ब्लेड वापरू नका.

ओढल्यावर डेंटच्या मधोमध टेंगूळ येणं ही चूक नाही, उलट ते थोडं यायलाच हवं. मग नायलॉनच्या पंचाने हळूहळू ठोकून ते खाली बसवायचं. पत्र्यावर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पाडा: रेघ वाकडी दिसेल तिथे अजून खोल किंवा उंच भाग आहे. किटमधला पंच बहुधा जाड टोकाचा असतो. बारीक टेंगळासाठी टोक कानशीने घासून निमुळतं, गुळगुळीत करून घ्यावं लागतं. या किटची मला सर्वात खटकणारी उणीव हीच.

ओरखड्यांना या किटचा काहीच उपयोग नाही. पाणी लावल्यावर चरा दिसेनासा झाला तर तो वरच्या क्लिअर कोटमध्येच, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरातच आहे, कंपाउंडने (घासून चकचकीत करायच्या पेस्टने) जाईल. नख अडकत असेल तर टच-अप रंग लागेल, आणि तो डेंट काढून झाल्यावर लावायचा. आधी लावलेला ओला-कच्चा रंग टॅबबरोबर उखडतो.