हायड्रॉलिक सस्पेन्शन उंच केल्यावर शॉक स्पेसर: काही महिन्यांच्या वापरानंतर

टोयोटा लँड क्रूझर १०० चे एएचसी (तेलाच्या दाबावर गाडीची उंची बदलणारे) सस्पेन्शन मी उंचीच्या सेन्सरची जागा सरकवून सुमारे ४० मिलिमीटरने उंच केले आणि त्यानंतर चारही शॉकवर स्पेसर (शॉकच्या टोकाशी बसवून त्याची एकूण लांबी वाढवणारे तुकडे) बसवले. काही महिन्यांच्या वापरानंतर मागचे स्पेसर गाडीवर आहेत, पुढचे काढून ठेवले आहेत.

या गाडीत ज्याला आपण शॉक म्हणतो, तो मुळात तेलाचा सिलिंडर आहे. हादरे शमवणारे व्हॉल्व्ह त्याच्या आत नसून चेसिसवर, नायट्रोजन भरलेल्या गोलाकार टाक्यांजवळ बसवलेले असतात. गाडीचे वजन पुढे टॉर्शन बार (पिळला जाऊन स्प्रिंगचे काम करणारी सळई) आणि मागे कॉइल स्प्रिंग पेलतात व उरलेला भार तेलावर येतो. उंची मात्र सेन्सर ठरवतो. म्हणून स्पेसरमुळे ना उंची वाढते, ना दाब उतरतो, ना चाल मऊ होते. यंत्रणा थोडे तेल साठवण टाकीत परत घेते आणि त्याच उंचीला शॉकचा दांडा सिलिंडरमध्ये थोडा अधिक आत राहतो, एवढाच काय तो फरक.

सेन्सरने गाडी उचलली की स्प्रिंग सैलावतात, त्यांचा भार तेलावर जातो, दाब वाढतो आणि गाडी कडक चालू लागते. हा कडकपणा शॉक अपुरा पडल्यामुळे आला असे समजून स्पेसर घेण्यात अर्थ नाही. मी आधी टॉर्शन बार आवळून आणि मागच्या स्प्रिंगखाली पॅकिंग देऊन दाब पूर्ववत केला, तेव्हाच बहुतेक कडकपणा गेला होता. उरला तो फक्त ‘हाय’ (सर्वात उंच) स्थितीत मागचे चाक खड्ड्यात लोंबकळले की दांडा टोकाला जाऊन बसणारा धातूचा ठोका. मागच्या स्पेसरने तो पूर्ण थांबला.

पुढे तसे काही जाणवले नाही. तिथे चाक खाली येताना शॉकची लांबी संपण्याआधीच आर्म (चाकाला चेसिसशी जोडणारा हात) आपल्या रबरी थांब्यावर टेकतो. शिवाय शॉक खालच्या आर्मवर चाकापासून आत जोडलेला असल्यामुळे चाकाच्या मानाने त्याची हालचाल कमीच होते.

मागच्या बाजूलाही याची किंमत आहेच. स्पेसरची जाडी दबण्याच्या प्रवासातून वजा होते, त्यामुळे बंप स्टॉप (चाक वर दबताना त्याला अडवणारा रबरी ठोकळा) त्या हिशेबाने उंच केला नाही तर जोरदार खड्ड्यात आधी सिलिंडरच तळाला आपटेल. मला मिळालेल्या संचात बंप स्टॉपचे तुकडे नव्हते आणि विक्रेत्याने त्याचा उल्लेखही केला नाही. ते वेगळे करून घ्यावे लागले. तेलाच्या होजला (नळीला) पुरेशी ढील उरते का, हेही पाहावे, आणि काहीही सैल करण्यापूर्वी गाडी ‘लो’ स्थितीत आणून ब्लीडरमधून (तेल बाहेर सोडण्याच्या स्क्रूमधून) दाब सोडावा.

स्पेसर घेण्याआधी गाडी ‘हाय’ स्थितीत सपाट जागी उभी करून मागच्या शॉकचा दांडा किती बाहेर आला आहे आणि पूर्ण लांबीपर्यंत किती वाव उरला आहे, हे मोजावे. पुरेसा वाव उरला असेल, तर खर्च टॉर्शन बार आणि स्प्रिंगवरच करावा.