रविवारी जिंकणार कोण? कागद बघून ठरवावं की जुन्या लढती बघून

लास वेगासमध्ये शनिवारची रात्र रंगात येते तेव्हा आपल्याकडे रविवारची सकाळ उजाडलेली असते. म्हणून फोंड्यात, म्हापशात, डिचोलीत यूएफसीची, म्हणजे ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणाऱ्या पिंजऱ्यातल्या अमेरिकी स्पर्धेची, मुख्य लढत पातळभाजी-पाव खाता खाता बघितली जाते, आणि जिंकणार कोण याचा वाद शनिवारी रात्रीच पेटलेला असतो. वाद घालणारे दोन प्रकारचे. एक कागद बघतात: रेकॉर्ड, वय, उंची, हाताची लांबी, बुकींचा भाव. दुसरे दोघांच्या जुन्या लढती लावून बसतात. यातली कुठली वाट धरावी हे ज्याला ठरवायचं आहे त्याच्यासाठी हा आढावा. माझा कौल आधीच देतो: सुरुवात लढतींपासून करा, कागद नंतर तपासणीला घ्या. पण कागदाला हलकं लेखू नका.

कागदावरची सगळ्यात वजनदार गोष्ट म्हणजे परदेशातल्या बुकींचा भाव. पैसे लावा असं मी कुणालाच सांगणार नाही; २०२५च्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ देशभर बंद झाले आहेत, आणि आमची पैज नाश्त्याच्या बिलापुढे जात नाही. भाव वाचायचा तो माहिती म्हणून. समजा एकाचा भाव १.२५ (एका रुपयाला सव्वा रुपया परत) आणि दुसऱ्याचा ४.०० आहे. १०० ला भावाने भागलं की टक्के मिळतात, पहिल्याचे ८० आणि दुसऱ्याचे २५. बेरीज होते १०५. वरचे ५ बुकीचे. ते काढून पुन्हा हिशेब केला की साधारण ७६ आणि २४ राहतात. म्हणजे ज्याला अख्खी खोली ‘हा हरणारच’ म्हणते, तो चारांतून एकदा जिंकेल असं बाजारच सांगतो आहे. २००७ मध्ये मॅट सेराने जॉर्ज सेंट-पिएरला पहिल्याच फेरीत संपवलं आणि २०२१ मध्ये जुलियाना पेन्याने अमांडा नुनेसचा गळा आवळला, तेव्हा भाव याहूनही विषम होते. भाव बनवणाऱ्यांनी जुन्या लढतीही बघितलेल्या असतात, म्हणून ज्याच्याकडे दहाच मिनिटं आहेत त्याने खुशाल भाव बघावा आणि नाव सांगून मोकळं व्हावं.

उरलेला कागद मात्र जपून वापरायचा. रेकॉर्ड किती, यापेक्षा ते कुणाविरुद्ध केलं हे महत्त्वाचं. आपला उत्तराखंडचा अंशुल जुबली २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये अबू धाबीत उतरला तेव्हा सातपैकी सात जिंकलेला होता. समोरचा माइक ब्रीडन यूएफसीतल्या तिन्ही लढती हरलेला. कागदावर विचारायचंच काम नव्हतं. तिसऱ्या फेरीत जुबली नॉकआउट झाला. ब्रीडनचे ते तीन पराभव वरच्या पातळीवरचे होते, तिथला मार त्याने खाऊन पचवला होता, आणि हे रेकॉर्डच्या आकड्यात कुठेच दिसत नाही.

‘याने त्याला हरवलं, त्याने तिसऱ्याला, म्हणून हा तिसऱ्यालाही हरवणार’ हा हिशेब तर पूर्ण सोडून द्या. रोंडा राउझीने मिशा टेटला दोनदा हरवलं. २०१५ मध्ये हॉली होमने राउझीला डोक्यावर लाथ मारून झोपवलं. चारच महिन्यांनी टेटने होमला गळा आवळून बेशुद्ध केलं. तिघींचं वर्तुळ पूर्ण झालं. प्रत्येक वेळी निकाल ठरला तो समोरच्या व्यक्तीशी आपली शैली कशी जुळते यावर.

इथेच जुन्या लढती कामाला येतात. बघताना एकच प्रश्न धरून ठेवा: ही लढत होणार कुठे? उभ्याने, पिंजऱ्याच्या जाळीला टेकून, की खाली मॅटवर? दोघांपैकी ती जागा ठरवण्याची ताकद कुणाकडे आहे? हा प्रश्न सुटला की निम्मं काम झालं.

आपल्या लोकांना कुस्ती कळते, त्यामुळे दुहेरी पट काढून पाडलं की आपण उडी मारतो. पण इथे चीतपट करून लढत संपत नाही. पाडल्यावर वर बसून ठोसे मारता आले पाहिजेत किंवा गळा, हात, पाय अडकवता आला पाहिजे, आणि खाली पडलेलाही हे करू शकतो. पटासाठी वाकलेल्या माणसाची मान समोरच्याच्या बगलेत जाते, तिथे गिलोटिन, म्हणजे समोरून हाताने गळा आवळण्याचा डाव, लागतं. यूएफसीशी करार करणारा भारतात जन्मलेला पहिला खेळाडू भारत खंडारे २०१७ मध्ये शांघायला सोंग यादोंगकडून पहिल्या फेरीतच गिलोटिनने हरला. त्याहून बोलका दाखला रितू फोगटचा. २०२१ च्या डिसेंबरमध्ये सिंगापूरला वन चॅम्पियनशिप या यूएफसीसारख्याच आशियाई संघटनेच्या ग्रांप्रीचा अंतिम सामना होता. फोगट घराण्यातली कुस्तीगीर एका बाजूला, थायलंडची मुए थाईवाली (ठोसे-लाथांचा थाई खेळ) स्टॅम्प फेअरटेक्स दुसरीकडे. ‘खाली नेलं की रितू जिंकली’ हा सरळ विचार होता. लढत खाली गेली, आणि स्टॅम्पने तिथेच आर्मबार, म्हणजे कोपर उलटं ताणणारा डाव, लावून ती जिंकली. म्हणून पाडणं मोजू नका, पाडल्यानंतरची तीस सेकंदं बघा. खालचा उठतो का? वरचा काही करतो का, की नुसताच धरून बसतो?

लढती बघणाऱ्यांनाही मर्यादा आहे, आणि ती २०२२ च्या ऑगस्टमध्ये सॉल्ट लेक सिटीत दिसली. तोवर यूएफसीत कमारू उस्मानला कुणीही खाली पाडलेलं नव्हतं. पहिल्याच फेरीत लिऑन एडवर्ड्सने पाडलं. पाडू न देण्याचे त्याचे कागदावरचे शंभर टक्के तिथे संपले. पुढच्या तीन फेऱ्या उस्मानने घेतल्या आणि लढती बघणारे बरोबर ठरताहेत असं वाटू लागलं. पाचव्या फेरीची ५६ सेकंदं उरली असताना एडवर्ड्सची डावी लाथ डोक्यावर बसली आणि विजेतेपदाचा पट्टा त्याचा झाला. ती लाथ नेमकी केव्हा येईल हे कुठलाही अभ्यास सांगू शकत नाही. पण मागे पडलेल्या माणसाकडे एका फटक्यात संपवण्याचं हत्यार आहे की नाही, हे जुन्या लढतींत दिसतं. ते असेल तर समोरच्याला नव्वद टक्के कधीच देऊ नये.

निकाल पंचांवर जाईल असं वाटत असेल तर खात्री आणखी उतरवा. आपल्या पूजा तोमरने २०२४ मध्ये यूएफसीतली पहिली लढत जिंकली तेव्हा एका पंचाने तिला ३०-२७, म्हणजे तिन्ही फेऱ्या, दिले, दुसऱ्याने तिच्या विरोधात ३०-२७ दिले आणि तिसऱ्याच्या २९-२८ ने ती जिंकली. तीच पंधरा मिनिटं बघून.

काही गोष्टी दोन्ही गट विसरतात. वेगासच्या लढतीआधी खेळाडूंचं वजन शुक्रवारी सकाळी होतं, म्हणजे आपल्याकडे शुक्रवारी रात्री. वजन उतरवताना गाल आत गेलेले, पाय लटपटणारे दिसले तर नाव बदलायला लाजू नका. आयत्या वेळी आलेला खेळाडू कमजोरच असतो असंही नाही: २०१६ मध्ये नेट डियाझ अकरा दिवसांच्या सूचनेवर आला आणि त्याने कॉनर मॅकग्रेगरला दुसऱ्या फेरीत गळा आवळून हरवलं. ती लढत वरच्या वजनगटात होती, त्यामुळे त्याला वजन फारसं उतरवावं लागलं नाही. आणि पिंजरा बघा. मोठा ३० फुटी असतो, वेगासच्या एपेक्स या यूएफसीच्या स्वतःच्या छोट्या सभागृहातला २५ फुटी. जागा जवळपास ३० टक्क्यांनी घटते, मागे सरकत ठोसे मारणाऱ्याची पाठ लवकर जाळीला लागते.

लढती बघायला एक संध्याकाळ पुरते. प्रत्येकाच्या तीन निवडा: शेवटची, समोरच्यासारख्याच शैलीच्या खेळाडूशी झालेली, आणि एक हरलेली. हरलेली सगळ्यात जास्त शिकवते. मग भाव न बघता आपला टक्का कागदावर लिहा आणि नंतरच बाजाराशी ताडा. फरक पाच-सात टक्क्यांचा असेल तर बाजाराचं ऐका. वीसचा असेल तर तुम्हाला काय दिसलं ते एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. नाही आलं, तर पुन्हा बाजाराचंच ऐका. ज्याच्या मोठ्या लढती उपलब्धच नाहीत अशा नवख्यासाठी दोन्ही वाटा अपुऱ्या आहेत, तिथे साठच्या वर जाऊ नका.

येत्या रविवारी कुस्तीगीर विरुद्ध ठोसेबाज अशी जोडी असेल तर माझा हिशेब असा: छोटा पिंजरा आणि तीन फेऱ्या असतील तर कुस्तीगीराला साठ. मोठा पिंजरा, पाच फेऱ्या, आणि ठोसेबाज पडल्यावर पटकन उठणारा असेल तर ठोसेबाजाला पंचावन्न, कारण प्रत्येक फेरी उभ्याने सुरू होते आणि पाच वेळा पट काढता काढता कुस्तीगीराचे खांदे जड होतात.