नाशिकच्या उजाड डोंगरावर रान परत आणायचंय: मियावाकी, गिरिपुष्प की नुसती राखण?

पहिला पाऊस पडला की त्र्यंबक, पेठ, इगतपुरीकडे जमीन घेतलेली माणसं विचारतात, ‘कोणती झाडं लावू?’ मी आधी विचारतो, जागेवर काय उभं आहे ते पाहिलंत का?

सध्या मियावाकीची चलती आहे. अकिरा मियावाकी या जपानी वनस्पतिशास्त्रज्ञांची ही पद्धत. जमीन खोल खणायची, भरपूर खत मिसळायचं आणि चौरस मीटरला साधारण 3 रोपं लावायची. म्हणजे गुंठ्याला 300, एकराला 12 हजार रोपं, वर दोन-तीन वर्षं पाणी आणि निंदणी. शहरातल्या दोन-चार गुंठ्यांसाठी मी तिची शिफारस करेन. डोंगरउतारावर मात्र जेसीबी लावू नका. गवत, कंद, पावसाळी रानफुलं खणण्यातच संपतात. जगात अन्यत्र क्वचितच दिसणारं अंजनेरीचं कंदीलपुष्प अशाच झाडं नसलेल्या पठारावर फुलतं.

गिरिपुष्प म्हणजे ग्लिरिसिडियाचं झाड. स्वस्त, झटपट आणि बांधावर हिरवळीच्या खताला उत्तम. पण ते मध्य अमेरिकेकडचं. डोंगरभर लावलं तर हिरवं दिसतं, पाखरांना खायला फारसं काही मिळत नाही. जंगलासाठी नकोच.

उरते राखण, म्हणजे चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि वणव्यापासून संरक्षण. माझा कल इकडेच आहे. साग, ऐन, धावडा तोडले तरी मुळं जिवंत असतात. गुरं आणि आग थांबली की खुंटांना धुमारे फुटतात. करवंदीच्या जाळीत पक्ष्यांनी टाकलेलं बी काट्यांच्या आडोशाने वाढतं. खर्च रोपांवर नाही, माणसांवर होतो: गवत वाळलं की जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढून मोकळा केलेला पट्टा, काढणं, उन्हाळाभर राखण्या ठेवणं. आम्ही लावलेली जांभूळ-बेहड्याची रोपं तिसऱ्या उन्हाळ्यात एका दुपारच्या वणव्यात गेली. जाळरेषा काढायची राहिली होती. ती चूक अजून सलते. जिथे खुंटच उरले नाहीत, तिथे उंबर, मोह, हिरडा, पांगारा, काटेसावर अशी आसपासच्या रानातल्या बियांची रोपं विरळ लावा.

कुंपणाबद्दल एक गोष्ट. स्कॉटलंडमध्ये मूळच्या पाइनची जंगलं परत आणताना हरणं कोवळी रोपं खातात, म्हणून तारेची कुंपणं घातली. त्यांना धडकून कॅपरकेली हा त्याच जंगलातला दुर्मीळ पक्षी मरू लागला, मग ठिकठिकाणी कुंपणं काढावी लागली किंवा ती पक्ष्यांना दिसतील अशी करावी लागली. आपल्याकडे तारेपेक्षा निवडुंग-करवंदीचं जिवंत कुंपण बरं. त्याहून बरं म्हणजे गावाशी बोलून चराईला दुसरी जागा ठरवणं. गुराख्याला न विचारता केलेली बंदी टिकत नाही.

जमीन येवला, सिन्नर, चांदवडच्या कोरड्या बाजूला असेल तर हिशोब वेगळा. तिथलं मूळ रूप बहुतेक ठिकाणी गवताळ माळ आणि विरळ बाभूळ-बोर-हिवराचं. येवल्याजवळ ममदापूरच्या काळविटांना असाच माळ लागतो. तिथे दाट झाडी लावणं म्हणजे त्यांचं घर मोडणं.

तेव्हा डोंगरावर जागा घेतली असेल तर या पावसाळ्यात रोपं आणू नका. दिवाळीनंतर चालत जाऊन जिवंत खुंट मोजा, आणि गवत पिवळं पडायच्या आत जाळरेषेची मजुरी बाजूला काढून ठेवा.