एको म्हणजे नेमकं काय लावायचं? लाइव्ह शोसाठी रिव्हर्ब की डिले

स्टेजवरनं फर्माईश एकच येते, "दादा, जरा एको द्या." गायक भजनी मंडळाचा असो, ऑर्केस्ट्राचा असो नाहीतर हळदीच्या कार्यक्रमात गाणारे घरचेच काका असोत, शब्द एकच, एको. मग मिक्सरवर बसलेला मुलगा एफएक्सचा, म्हणजे इफेक्टचा, फेडर (सरकतं बटण) वर ढकलतो, पण त्या फेडरमागे हॉल रिव्हर्ब आहे, डिले आहे की दोन्ही कालवलेलं एखादं कराओके प्रीसेट, म्हणजे आधीच बनवून ठेवलेली सेटिंग, आहे हे बघायला त्याला कुणी शिकवलेलंच नसतं. ओळखीतल्या एका मुलाने नुकताच छोटा डिजिटल मिक्सर घेतला आणि मला विचारलं, चार एफएक्स आहेत, कशात काय भरू? त्याला फोनवर जे सांगितलं तेच इथे नीट मांडतोय, कारण हा प्रश्न पडलेले बरेच असणार.

आधी दोघांत फरक काय ते बघू. रिव्हर्ब म्हणजे भिंती, छत, जमीन यांच्यावरून आपटून येणारे हजारो बारीक आवाज एकमेकांत मिसळलेले, इतके की मोजता येत नाहीत, फक्त एक शेपूट ऐकू येतं. डिले म्हणजे तोच आवाज थोड्या वेळाने परत, एकदा, दोनदा, तीनदा, आणि हे मोजता येतं. माझ्या अनुभवाने सांगायचं तर रिव्हर्ब शब्द खातो आणि डिले लय खातो. दोन शब्दांच्या मधली जागा रिव्हर्ब भरून टाकतो त्यामुळे जास्त झाला की अभंगाचे बोल कळेनासे होतात. डिले ती जागा बऱ्यापैकी मोकळी ठेवतो, पण त्याची पुनरावृत्ती तालात बसली नाही तर तबलजी वैतागतो आणि ऐकणाऱ्याला काहीतरी खटकत राहतं, काय ते सांगता येत नाही. आजच्या कार्यक्रमात यातलं काय गमावून चालेल, एवढा विचार केला की निम्मा निर्णय झाला.

उरलेला निम्मा जागेवर अवलंबून, आणि इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. मंगल कार्यालयात शिरलात की पहिल्यांदा एक टाळी वाजवा. फरशी, काचा, वर पत्रा किंवा स्लॅब, अशा हॉलमध्ये ती टाळी दोन सेकंद तरी घुमत राहते. म्हणजे रिव्हर्ब तुम्हाला फुकटात मिळालाय, तोही नको तेवढा, त्यात मिक्सरमधला हॉल टाकला तर नुसता गोंगाट होतो. अशा ठिकाणी मी रिव्हर्ब जवळपास बंद ठेवतो आणि गायकाला भरलेपणा हवा असेल तर १०० ते १३० मिलीसेकंदांचा एकच स्लॅप डिले, म्हणजे एकदाच पटकन परत येणारा आवाज, फीडबॅक (पुनरावृत्ती किती व्हावी ते) शून्यावर, आणि तोही इतका हळू की बंद केल्यावरच कळावं की होता. गायक खूश होतो, शब्दही कळतात.

मोकळं मैदान याच्या बरोबर उलट. गणपतीचा मंडप, गावची जत्रा, शाळेचं ग्राउंड, तिथे आवाज परत यायला काही नसतंच, सगळं कोरडं वाटतं आणि गायक बिचारा ताण देऊन गातो कारण त्याला स्वतःचा आवाज पोकळ लागतो. इथे रिव्हर्ब मोकळ्या हाताने वापरावा, पावणेदोन-दोन सेकंदांचा चालतो, वर डिलेही चालतो. फक्त समोर मोठी इमारत असेल तर तिच्यावरून आवाज परत येतो, तेवढं फिरून बघा.

नाट्यगृह या दोघांच्या मधे. खुर्च्या गादीच्या, पडदे, त्यामुळे बरंच शोषलं जातं, पण साउंड चेक रिकाम्या हॉलमध्ये होतो हे विसरू नका, माणसं बसली की हॉल आणखी कोरडा होतो. दुपारी जे बरोबर वाटलं ते रात्री कमी वाटणार, म्हणून दुपारी जरा कमीच वाटेल असं ठेवून रात्री पहिल्या गाण्यात हळूच वाढवायचं. दुपारीच भरपूर लावून ठेवणारे रात्री प्रेक्षक बसल्यावर बरोबर येतात खरे, पण तोवर दुपारभर गायकाच्या कानात चुकीचा अंदाज बसलेला असतो.

आता रिव्हर्ब घ्यायचा ठरला तर कुठला? प्रीसेटच्या यादीत हॉल, प्लेट, रूम, चेंबर, अँबियन्स असं बरंच काही असतं, मी गाण्यासाठी डोळे झाकून प्लेट घेतो आणि त्याला कारण आहे. प्लेट हे नाव खऱ्याखुऱ्या पत्र्यावरून आलंय, ईएमटी नावाच्या जर्मन कंपनीने १९५७ मध्ये १४० नावाचं यंत्र आणलं, त्यात साधारण दोन मीटर बाय एक मीटर पोलादाचा पातळ पत्रा टांगलेला असायचा, त्याला आवाजाने थरथरवायचं आणि ती थरथर परत उचलायची. यंत्राचं वजन अडीचशे किलोच्या वर. आज आपल्या मिक्सरमधलं प्लेट त्याचीच नक्कल. पत्र्याला भिंती नसतात ना, त्यामुळे "मी एवढ्या मोठ्या खोलीत उभा आहे" ही माहिती त्या आवाजात नसते, पहिल्या क्षणापासून दाट आणि गुळगुळीत शेपूट येतं, म्हणून गळा पुढेच राहतो आणि मागे एक झिलई लागते. हॉल प्रीसेटमध्ये तसं होत नाही, तो आवाजाला लांब नेऊन उभा करतो. शास्त्रीय गायनात, बासरीत, संतूरमध्ये ते सुंदर लागतं, पण ठेक्याचं गाणं असलं की गायक मागे गेल्यासारखा वाटतो. रूम मी ढोलकी, तबला, ड्रम यांना ठेवतो, अर्धा ते पाऊण सेकंद, बस्स.

डिलेचेही प्रकार आहेत पण लाइव्हला दोनच कामाचे. एक वर सांगितलेला स्लॅप, दुसरा तालाशी बांधलेला. पिंगपाँग, म्हणजे डावीकडून उजवीकडे उड्या मारणारा, मैदानावर घेऊच नका, डाव्या स्पीकरसमोर बसलेल्या माणसाला अर्धेच उड्या ऐकू येतात आणि आपल्याकडे निम्मे सेटअप मोनोवरच, म्हणजे दोन्हीकडे एकच आवाज, असे चालतात. टेप डिले नावाचं प्रीसेट असेल तर ते मात्र जरूर बघा. जुन्या टेप मशिनांत, रोलंडचा १९७४ चा स्पेस एको त्यातला सगळ्यात नावाजलेला, आवाज दरवेळी टेपवरून जाताना त्याचं टॉप, म्हणजे वरचा तीक्ष्ण भाग, थोडं थोडं उडायचं, म्हणून प्रत्येक पुनरावृत्ती आधीच्यापेक्षा मंद आणि मागे सरकलेली. स्वच्छ डिजिटल डिलेत दुसरा आवाज पहिल्याइतकाच चकचकीत असतो आणि गायकाच्या पुढच्या शब्दाशी भांडतो. तुमच्या मिक्सरमध्ये टेप नसेल तर साध्या डिलेचा हाय कट, म्हणजे वरचा तीक्ष्ण भाग कापणारं सेटिंग, तीन-चार हजार हर्ट्झवर आणा, बराच तसा लागतो.

तालाशी बांधायचा म्हणजे हिशेब सोपा आहे, ६०,००० भागिले मिनिटाला मात्रा. मिनिटाला ८० मात्रा असतील तर एक मात्रा ७५० मिलीसेकंदांची, अर्धी ३७५. ऑर्केस्ट्रात, फिल्मी गाण्यात, ट्रॅकवर गाणाऱ्यांत हे मस्त बसतं कारण लय हलत नाही. पण भजनात काय होतं बघा, अभंग ८० ने सुरू होतो, मग गजराला पखवाज आणि टाळ चढत चढत १४० वर जातात, तेव्हा अर्धी मात्रा २१४ ची झालेली असते आणि तुमचा डिले अजून ३७५ वरच बसलेला. टाळांच्या मधे मधे एक भलताच ठोका पडत राहतो आणि सगळी मंडळी एका लयीत झुलत असताना स्पीकर मात्र वेगळं बोलतोय. म्हणून भजनाला, कीर्तनाला लांब डिले लावायचाच असेल तर टॅप बटणावर (त्यावर लयीत बोट मारलं की डिले त्या लयीचा होतो) बोट ठेवून बसायची तयारी पाहिजे, नाहीतर स्लॅप आणि छोटी प्लेट, स्लॅपला लयीचं बंधन नाही कारण तो ठोका म्हणून ऐकूच येत नाही, आवाज जाड झाल्यासारखा वाटतो.

शास्त्रीयला मी डिले जवळजवळ लावतच नाही. द्रुत तान चालू असताना आधीचा स्वर पुढच्या स्वरावर येऊन पडतो, कोमल गंधार अजून हवेत आणि वर मध्यम, अशी सरमिसळ होते आणि गायकाने एवढ्या मेहनतीने काढलेली तान धुऊन निघते. लांब रिव्हर्बनेही हेच होतं हे लक्षात घ्या, म्हणून दीड सेकंदाच्या आसपास, आणि प्रीडिले ३० ते ५० मिलीसेकंद. प्रीडिले म्हणजे शब्द किंवा स्वर बाहेर पडल्यावर रिव्हर्ब सुरू व्हायला लागणारा वेळ, हा एक आकडा बरोबर असला की रिव्हर्ब दुप्पट लावला तरी बोल स्पष्ट राहतात. मी कुणाच्याही मिक्सरवर बसलो की सगळ्यात आधी हाच बघतो आणि दहातल्या आठ ठिकाणी तो शून्यावर असतो.

पेटीला काही लावू नका, तिचा स्वर लांबतोच. बासरीला हॉल अधिक डिले दोन्ही द्या, तिच्यावर दोन्ही शोभतं. टाळांना काहीच नको, उलट टाळ गायकाच्या माइकात शिरतात आणि तिथून रिव्हर्बमध्ये जाऊन नुसतं सळसळ करतात. यावर इलाज, एफएक्सला जाणाऱ्या आवाजातच खालून २५०-३०० हर्ट्झपर्यंत आणि वरून पाच-सहा हजारांच्या पुढचं कापून टाका. हे एक काम केलं तर स्वस्त मिक्सरमधलं प्लेटसुद्धा महागाचं वाटतं.

मिक्सर कुठला आहे त्यावरही निवड बदलते. यामाहाच्या एमजी एक्सयू मालिकेसारखा ॲनालॉग असेल तर आत २४ प्रोग्रॅम आहेत पण एका वेळी एकच चालतो आणि एकच पॅरामीटरचं बटण. तिथे माझं मत पक्कं आहे, प्लेट घ्या. सिंगल डिले मोकळ्या मैदानावर ऑर्केस्ट्राला मोह पाडतो, पण तीन तासांच्या कार्यक्रमात वीस वेगवेगळ्या लयी येतात आणि प्रत्येक वेळी बटण फिरवत बसाल तर मिक्सिंगकडे लक्ष राहणार नाही. कराओके आणि व्होकल एको ही प्रीसेट हौशी गायकाला आवडतात, घरगुती कार्यक्रमात जरूर द्या, त्यांचा आनंद मोठा असतो, पण शब्दांचं गाणं असेल तिथे नको.

बेहरिंगर एक्स ३२ सारखा डिजिटल असेल तर आठ एफएक्स आहेत, त्यातले पहिले चार सेंडवर घ्यायचे, म्हणजे प्रत्येक माइकचा हवा तेवढा आवाज तिकडे पाठवता येतो. त्या मुलाला मी असं भरायला सांगितलं, पहिल्यात गळ्यासाठी प्लेट, दुसऱ्यात तालवाद्यांसाठी रूम, तिसऱ्यात टॅपवाला डिले, चौथ्यात बासरी-सतारीसाठी हॉल. स्लॅपला वेगळी जागा हवी असेल आणि शास्त्रीय नसेल तर हॉलच्या जागी स्लॅप. डिलेचा थोडासा भाग प्लेटमध्ये पाठवून बघा, पुनरावृत्तीच्या कडा विरघळतात आणि ती लांबून आल्यासारखी वाटते, मला हे फार आवडतं. पण एफएक्सचा रिटर्न, म्हणजे त्यातून परत येणारा आवाज, चुकूनही त्याच एफएक्सला परत पाठवू नका, सेकंदात आरडाओरडा सुरू होतो.

डिलेचा सेंड कायम उघडा ठेवायचा नाही, ही गोष्ट मला उशिरा समजली. ओळ संपते, गायक श्वास घेतो, तेवढ्या शेवटच्या शब्दावर सेंड वर आणि लगेच खाली. विठ्ठल म्हणून गायक थांबला आणि ते नाव दोनदा विरत विरत गेलं, मग पखवाज उचलला, असं जमलं की मंडपात बसलेल्या माणसांच्या अंगावर काटा येतो, मी बघितलंय. तेच सगळ्या गाण्यावर लावून ठेवलं तर दोन मिनिटांत कान सरावतो आणि त्याची किंमत जाते.

मैदान लांब असेल आणि मागे वेगळे स्पीकर लावले असतील तर त्या स्पीकरांचा डिले ही वेगळी गोष्ट आहे, पण ती आधी मिटवा. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे ३० मीटर मागच्या स्पीकरला साधारण ८७ मिलीसेकंद उशीर द्यावा लागतो. तो दिला नसेल तर मागच्या लोकांना प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो, आणि पुढे बसून कितीही सुंदर प्लेट लावली तरी मागे ती पोचतच नाही.

मॉनिटरमध्ये, म्हणजे स्टेजवर गायकाकडे तोंड केलेल्या स्पीकरात, गायक एको मागतोच, तिथे प्लेटच द्या आणि थोडी द्या, डिले देऊ नका, त्याची लय बिघडते. मॉनिटरमध्ये रिव्हर्ब वाढवला की शिट्टी लवकर येते हेही आहे, त्यामुळे तिथला डिके, म्हणजे शेपूट विरायला लागणारा वेळ, एक सेकंदाच्या खालीच बरा. आणि निवेदकाचा माइक कुठल्याच एफएक्सला जाऊ देऊ नका. सगळे एफएक्स एका म्यूट ग्रुपवर घ्या, म्हणजे एका बटणाने सगळे बंद होतात, गाणं संपलं, टाळ्या सुरू झाल्या की दाबा, गायक बोलायला लागला की त्याचा साधा आवाज लोकांपर्यंत पोचला पाहिजे, पुढच्या गाण्याचा पहिला सूर लागायच्या आत परत उघडा. सुरुवातीला एक-दोनदा विसराल, तेव्हा सेट लिस्टवर प्रत्येक गाण्यापुढे लाल पेनाने एक टिंब काढून ठेवा, मी अजूनही काढतो.