इन-इअर हेडफोनचा बेस आणि आवाज: टिप, इक्वलायझर की डोंगल?

नवा वायरचा इन-इअर हेडफोन पहिल्यांदा कानात घातल्यावर अनेकांची तक्रार एकाच वाक्यात येते: डग्ग्याची घुमक जाणवत नाही आणि आवाजाची पट्टी शेवटपर्यंत नेली तरी समाधान होत नाही. त्यावर साधारणपणे तीन उपाय सुचवले जातात. टिप, म्हणजे कानात जाणारी रबरी किंवा फोमची टोपी, बदलावी. इक्वलायझरने, म्हणजे खालचे-वरचे स्वर वेगवेगळे कमी-जास्त करणाऱ्या सोयीने, खालचे स्वर (बेस) वाढवावेत. किंवा फोनसाठी चांगला डोंगल, म्हणजे फोन आणि हेडफोन यांच्यामध्ये लावायचा छोटा जोडतुकडा, घ्यावा. तिन्ही उपाय खरे आहेत, परंतु ते एकमेकांचे पर्याय मात्र नाहीत, कारण प्रत्येकाचे काम वेगळे आहे. योग्य टिप बेस आणि आवाज दोन्ही वाढवते. इक्वलायझर बेस देतो आणि त्याची किंमत आवाजातून वसूल करतो. डोंगल आवाज देतो, बेस सहसा देत नाही. म्हणून खिशात हात घालण्यापूर्वी आपल्या तक्रारीचे मूळ कुठे आहे, हे पाहिलेले बरे. पुढील विवेचन मुख्यतः ३.५ मिमी जॅकच्या हेडफोनविषयी आहे. ब्लूटूथचा प्रश्न जिथे वेगळा आहे तिथे तसे सांगितले आहे.

टिप: सर्वांत स्वस्त आणि बहुतेकदा पुरेसा उपाय

खोलीतल्या स्पीकरला बेससाठी मोठा पडदा लागतो, कारण त्याला खोलीभरची हवा हलवायची असते. इन-इअरचा पडदा अनेकदा जेमतेम १० मिमी व्यासाचा असतो आणि तरीही तो खोल बेस देऊ शकतो, याचे कारण त्याच्यापुढे केवळ कानाच्या नळीतली एक-दोन घनसेंटिमीटर हवा कोंडलेली असते. ही हवा खरोखर कोंडलेली असणे, हीच बेसची अट आहे. टिप आणि कान यांच्यामध्ये बारीकशी फट राहिली, तरी दाब तेथून निसटतो, आणि निसटताना सर्वांत खालचे स्वर प्रथम जातात. गायकाचा आवाज जवळजवळ तसाच राहतो, पण १०० हर्ट्झच्या खालचा भाग १० डेसिबल किंवा त्याहूनही अधिक घसरू शकतो. संगीतातील ऊर्जेचा मोठा वाटा खालच्या स्वरांत असल्यामुळे मग एकूण आवाजही कमी वाटू लागतो. ऐकणारा पट्टी वर नेतो, आणि झांजा व स, श यांसारखे ऊष्म वर्ण कानाला टोचू लागतात. अशा रीतीने एकाच फटीतून ‘बेस नाही’ आणि ‘आवाज कमी’ या दोन्ही तक्रारी निघतात.

याची परीक्षा अर्ध्या मिनिटात होते. डग्गा, पखवाज किंवा ढोल ठळक असलेले आपल्या ओळखीचे ध्वनिमुद्रण लावावे आणि दोन्ही हेडफोन बोटांनी हलकेच आत दाबावेत. दाबताच घुमक एकदम भरून आली आणि बोट काढताच ओसरली, तर दोष हेडफोनच्या ध्वनीत नसून बसणीत आहे, आणि अशा वेळी डोंगलवर केलेला खर्च वाया जाण्याची शक्यता मोठी आहे.

हेडफोनला बहुधा मधल्या मापाची टिप बसवलेली येते आणि पुष्कळ जण लहान-मोठ्या टिपांची पुडी न उघडताच ठेवून देतात. प्रथम मोठे माप लावून पाहावे. दोन्ही कानांच्या नळ्या सारख्या असतातच असे नाही. माझ्या डाव्या कानाला मोठी आणि उजव्याला मधली टिप लागते, हे कळायला मला दोन हेडफोन खर्ची घालावे लागले. घालताना विरुद्ध बाजूचा हात डोक्यामागून आणून कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढावा, म्हणजे नळी सरळ होते, आणि मग हेडफोन किंचित फिरवत आत न्यावा. नुसते बाहेरून टेकवून ठेवलेले हेडफोन चांगले वाजण्याची अपेक्षा व्यर्थ आहे.

सिलिकॉन आणि फोम यांतील निवड मात्र थोडी विचाराची आहे. सिलिकॉन धुता येते, वर्षभर सहज टिकते, चटकन घालता-काढता येते आणि वरचे स्वर स्वच्छ ठेवते; पण तिचे माप कानाला नेमके जुळावे लागते. फोमची टिप बोटांत चोळून बारीक करायची, कानात घालून ती फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवायची. ती नळीच्या आकाराप्रमाणे पसरते, त्यामुळे ज्यांच्या कानात कोणतेच सिलिकॉन टिकत नाही त्यांच्यासाठी ती उत्तम. तिचे तोटे असे की ती वरचे स्वर थोडे शोषते, घाम आणि मळ धरून ठेवते आणि नियमित वापरात काही महिन्यांत बदलावी लागते. मुंबईच्या लोकलमध्ये किंवा एसटीत बसून ऐकणाऱ्याला फोमचा आणखी एक फायदा मिळतो. गाडीची घरघर बहुतांशी खालच्या स्वरांची असते आणि ती नेमका संगीतातला बेस झाकून टाकते. कान नीट बंद झाला की ही घरघर बाहेर राहते आणि पट्टी न वाढवताही बेस परत ऐकू येतो. याउलट घरी शांततेत, तासन् तास आणि मुख्यतः कंठसंगीत ऐकणाऱ्याने योग्य मापाच्या सिलिकॉनवरच राहावे, असे माझे मत आहे.

विकत घेण्यापूर्वी हेडफोनच्या नळीची जाडी आणि टिपेच्या आतल्या भोकाचा व्यास जुळतो का, हे पाहावे. ब्लूटूथ इअरबडच्या बाबतीत लांब टिप लावल्यावर चार्जिंगची डबी बंद होत नाही, असाही अनुभव येतो. त्यामुळे तेथे आखूड टिपाच घ्याव्यात.

फुकटची तपासणी

इक्वलायझरकडे वळण्यापूर्वी तीन गोष्टी पाहून घ्याव्यात. पहिली, जॅक पूर्ण आत गेला आहे का. फोनच्या जाड कव्हरमुळे तो अर्धवट बसला आणि सामाईक जोडणी सुटली, तर डाव्या-उजव्या बाजूंतील केवळ फरक ऐकू येतो. ध्वनिमुद्रणात मधोमध ठेवलेला गायक आणि बेस दोन्ही गायब होतात आणि विहिरीतून आल्यासारखा पोकळ आवाज उरतो. दुसरी, वायर सुटी करता येणाऱ्या हेडफोनमध्ये एका बाजूचे दोन पिनांचे टोक उलटे लागलेले नाही ना. तसे झाल्यास ठोका डोक्याच्या मध्यभागी न बसता विस्कटल्यासारखा वाटतो.

तिसरी गोष्ट फोनच्या सेटिंग्जची. आयफोनमध्ये हेडफोन सेफ्टीखाली मोठे आवाज कमी करण्याचा पर्याय असतो; सॅमसंगच्या फोनमध्ये मीडियाच्या आवाजाला मर्यादा घालता येते. स्पॉटिफाय सर्व गाणी एका पातळीवर आणते, आणि तेथे आवाजाची पातळी ‘क्वाएट’वर असेल तर कोणताही हेडफोन मंद वाटेल. अँड्रॉइडवर ब्लूटूथ हेडफोनचा आवाज अडकल्यासारखा वाटत असेल, तर डेव्हलपर पर्यायांतील ‘अॅब्सोल्यूट व्हॉल्यूम’ बंद करून पाहता येतो. या सर्वांतून आवाज मिळू शकतो. बेसचा समतोल मात्र आहे तसाच राहतो.

इक्वलायझर: चव बदलण्यासाठी, गळती भरण्यासाठी नव्हे

टिप नीट बसली आहे, जोडणी ठीक आहे, आणि तरीही बेस आपल्या आवडीपेक्षा कमी आहे, असे झाले तर इक्वलायझर हा योग्य मार्ग आहे. काही हेडफोन मुद्दाम कमी बेसचे घडवलेले असतात आणि तो त्यांचा दोष नसतो. शिवाय मानवी कानाचा स्वभावही येथे आडवा येतो: १००० हर्ट्झचा ४० डेसिबलचा स्वर जितका मोठा वाटतो, तितकाच मोठा वाटण्यासाठी १०० हर्ट्झच्या स्वराला सुमारे ६४ डेसिबल लागतात. आवाज वाढत जातो तसे हे अंतर कमी होते. रात्री हळू आवाजात ऐकणाऱ्याला बेस कमी वाटतो तो यामुळे, आणि त्याने हेडफोन बदलण्यापेक्षा खालचे स्वर थोडे उचलणे शहाणपणाचे आहे.

विंडोजवर इक्वलायझर एपीओ आणि अँड्रॉइडवर वेव्हलेट ही फुकट मिळणारी साधने पुरेशी आहेत. वेव्हलेटमध्ये अनेक हेडफोनांसाठी तयार दुरुस्त्याही असतात. आयफोनच्या म्युझिक अॅपमधील ‘बेस बूस्टर’ ढोबळ आहे, पण कामचलाऊ आहे. साधारण १०० हर्ट्झच्या खालचा सगळा भाग ३ ते ५ डेसिबलने उचलणे हा चांगला आरंभ. २०० ते ३०० हर्ट्झचा भाग वाढवण्याचा मोह टाळावा, कारण तेथून बेस न येता गढूळपणा येतो आणि गायकाचा आवाज गोधडीखालून आल्यासारखा होतो.

आता किंमत. डिजिटल ध्वनीला एक वरची मर्यादा असते आणि आजची बरीच गाणी तिच्या अगदी जवळ मुद्रित केलेली असतात. बेस ६ डेसिबल वाढवायचा, तर ध्वनी फाटू नये म्हणून एकूण पातळी आधी ६ डेसिबल खाली आणावी लागते, म्हणजे तेवढा आवाज गेला. खेरीज ६ डेसिबल वाढ म्हणजे त्या स्वरांसाठी चौपट शक्ती. ज्याची मूळ तक्रारच ‘आवाज कमी’ अशी आहे, त्याला एकट्या इक्वलायझरने समाधान मिळणार नाही. फटीतून निसटणारा बेस इक्वलायझरने भरून काढण्याचा प्रयत्न तर फुटक्या घागरीत पाणी ओतण्यासारखा आहे. जबडा हलला की फट बदलते आणि सगळा हिशेब चुकतो.

जुने संगीत ऐकणाऱ्यांसाठी एक पोटसूचना. ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरून घेतलेल्या नाट्यपदांत खालचे स्वर मुळातच फार थोडे असतात, आणि १९२५च्या आधीच्या, विजेविना केलेल्या मुद्रणात तर ते जवळजवळ नसतातच. तेथे बेस वाढवला की फक्त तबकडीची घरघर वाढते. हेडफोनची पारख अशा मुद्रणावरून करू नये.

डोंगल: कोणाला खरोखर लागतो

डोंगल म्हणजे यूएसबी-सी भोकात बसणारा, डिजिटल संकेताचे ध्वनीत रूपांतर करणारा लहानसा डॅक आणि अॅम्प्लिफायर. फोनला ३.५ मिमी जॅकच नसेल तर तो घ्यावाच लागतो, त्यामुळे प्रश्न ‘घ्यावा का’ असा नसून ‘कितीचा घ्यावा’ असा होतो. जॅक असलेल्या फोनसाठी मात्र आधी हेडफोनच्या डबीवरची संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक विजेवर तो किती मोठा वाजतो हे सांगणारा आकडा, वाचावी.

येथे एक गोम आहे. काही कंपन्या हा आकडा एका मिलिवॅटला किती डेसिबल असा देतात, तर काही एका व्होल्टला किती असा. १०५ डेसिबल प्रति मिलिवॅट आणि १६ ओहम (विजेला होणाऱ्या विरोधाचे माप) असलेला हेडफोन प्रति व्होल्ट हिशेबाने सुमारे १२३ डेसिबलचा ठरतो. तोच १०५चा आकडा ३२ ओहमवर असेल तर सुमारे १२०चा. त्यामुळे दोन डब्यांवरचे आकडे नुसते शेजारी ठेवून तुलना होत नाही. मूनड्रॉपचा चू २ हा लोकप्रिय स्वस्त हेडफोन प्रति व्होल्ट ११९ डेसिबलचा आहे, म्हणजे अर्ध्या व्होल्टवरच तो ११३ डेसिबलपर्यंत जाऊ शकतो. त्याला आणखी शक्तीची गरज नाही. फायनल कंपनीचा ई५००० मात्र १४ ओहम आणि ९३ डेसिबल प्रति मिलिवॅट, म्हणजे प्रति व्होल्ट सुमारे १११.५ असा आहे; इतक्या कमी ओहमला विद्युतप्रवाहही अधिक लागतो. अशा हेडफोनसाठी, किंवा इक्वलायझरने गेलेला आवाज भरून काढण्यासाठी, जोरकस डोंगल सार्थकी लागतो. एरवी व्होल्ट दुप्पट केले तरी वाढ ६ डेसिबलचीच असते.

अॅपलचा छोटा डोंगल स्वस्त आणि ध्वनीला निर्मळ आहे, पण त्याच्या दोन तऱ्हा आहेत: अमेरिकेत विकला जाणारा कमाल १ व्होल्ट देतो, युरोपातला त्याच्या निम्मे. जर्मनीहून येणाऱ्या भाचीला तो आणायला सांगणाऱ्याने हे लक्षात ठेवावे. शिवाय अनेक अँड्रॉइड फोनवर तो आपल्या पूर्ण आवाजापर्यंत पोहोचतच नाही. अगदी स्वस्तातले, आत डॅक नसलेले जोडतुकडे तर पुष्कळ फोनवर वाजतही नाहीत.

डोंगलने बेस वाढल्याचे अनेक जण सांगतात. बहुतेक वेळा वाढलेला असतो तो आवाज, आणि वर सांगितल्याप्रमाणे आवाज वाढला की कानाला बेस आपोआप अधिक वाटतो. आवाज वाढवण्यालाही हद्द आहे: जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतात, ९० डेसिबल केवळ ४ तास. प्रवासात रोज दोन तास ऐकणाऱ्याने डोंगलऐवजी फोमच्या टिपांवर पैसे घालावेत, असे मी म्हणतो ते या गणितामुळे.

थांबावे की परत करावे

पन्नास-शंभर तास वाजवत ठेवले की बेस ‘उघडतो’ ही समजूत फार पसरलेली आहे. त्या काळात बदल होतो तो मुख्यतः ऐकणाऱ्यात: कान नव्या ध्वनीला सरावतो आणि हात हेडफोन नीट बसवायला शिकतो. यात एक व्यावहारिक धोका आहे. ऑनलाइन खरेदीत वस्तू परत करण्याची किंवा बदलून घेण्याची मुदत बहुधा आठवडा-दहा दिवसांची असते आणि वाट पाहण्यात ती निघून जाते.

त्या मुदतीत एक प्रयोग करावा. एका बाजूचा बेस कमी वाटत असेल, तर टिपा न बदलता डावा हेडफोन उजव्या कानात आणि उजवा डाव्या कानात घालून तेच ध्वनिमुद्रण ऐकावे. कानामागून वायर नेणाऱ्या घडणीत ते अवघड वाटेल, पण मिनिटभर हाताने धरून चालते. मग त्या-त्या कानाच्या टिपा अदलाबदल करून पुन्हा ऐकावे. कमीपणा त्याच कानात राहिला आणि टिप बदलताच गेला, तर दुसऱ्या मापाची टिप घ्यावी. तो हेडफोनबरोबर दुसऱ्या कानात गेला आणि टिप बदलूनही सुटला नाही, तर वायर सुटी होत असल्यास तिच्याही बाजू बदलून पाहाव्यात, आणि तरीही फरक न पडल्यास हेडफोन त्याच दिवशी परत पाठवावा.