गावाने दवाखान्याला रंग द्यायचा, दोन वर्षांचा अनुभव (५ पैकी साडेतीन)

लोकाधारित देखरेख, म्हणजे सरकारी दवाखान्याचं काम गावातल्या लोकांनीच तपासायचं, हे आधी मला अजून एक मीटिंग अजून एक रजिस्टर असंच वाटलेलं. महाराष्ट्रात २००७ पासून चालू आहे, ग्रामीण आरोग्य अभियानातून, पहिल्या पाच जिल्ह्यांतच अमरावती होता, म्हणजे आमचा मेळघाट सुरुवातीपासून यादीत. मी गावच्या आरोग्य समितीत दोन वर्षं बसतोय, त्यामुळे लांबून बघून लिहीत नाहीये.

काम काय, तर गावात लोकांना विचारायचं, नर्सबाई येतात का, लसी झाल्या का, पैसे मागितले का, औषध आत मिळालं की बाहेरची चिठ्ठी दिली. त्यावरून तक्त्यात रंग भरायचा. हिरवा चांगलं, पिवळा बरं, लाल वाईट. वाचता न येणाऱ्यालाही लाल दिसतोच, ज्याला हे सुचलं त्याला दंडवत.

पण पहिल्या वर्षी आमचा तक्ता नुसता हिरवागार! कारण सांगतो. शाळेच्या व्हरांड्यात सिस्टर खुर्चीवर, बायका खाली, आणि प्रश्न मराठीतून. कोण बोलणार? सगळं चांगलंय म्हणून मोकळ्या झाल्या. दुसऱ्या वर्षी गावातल्याच एका पोरीने संध्याकाळी हातपंपावर कोरकूत, म्हणजे इथल्या आदिवासी बोलीत विचारलं, तेव्हा कळलं की बाळंतपणाला गेलेल्या तिघींच्या घरच्यांनी गाडीभाडं खिशातून भरलंय, एकीच्या सासूने तर शेळी विकली. आता सरकारी दवाखान्यात जायची-यायची गाडी, औषधं, जेवण सगळं फुकट आहे, जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात, २०११ पासून. परतीची गाडीपण मिळते हे मला स्वतःला माहिती नव्हतं, आणि मी समितीत!

खरे पैसे वसूल जनसुनवाईत, म्हणजे लोक सगळ्यांसमोर तक्रार मांडतात आणि साहेबांनी तिथेच उत्तर द्यायचं ती सभा. ती सासू बाहेरच्या औषधाची चिठ्ठी घेऊन उभी राहिली, काही बोलली नाही, चिठ्ठी फक्त वर धरली. तालुक्याच्या साहेबांना माईकवर उत्तर द्यावं लागलं. (कुठलं आरोग्य केंद्र ते लिहीत नाही, डॉक्टर आता बदलून गेलेत.) पुढच्या महिन्यात औषधसाठ्याची यादी भिंतीवर लागली आणि बाहेरच्या चिठ्ठ्या बऱ्याच कमी झाल्या, बंद झाल्या असं नाही म्हणणार.

दीड मार्क का कापला? रिकाम्या पदांचा विषय निघाला की एकच उत्तर, वर कळवतो. दोन वर्षं वरच कळवतायत. गाडीभाड्याचे पैसे तिघींपैकी एकीलाच परत मिळाले. आणि गावाच्या समितीला वर्षाला १० हजार अबंधित निधी (कशावर खर्चायचा ते समितीनेच ठरवायचं) असतो, त्यातून ब्लिचिंग पावडर आणि वजनकाटा घेतला म्हणे, पण बिल बघायला मला तीन मीटिंगा लागल्या, तिसऱ्यांदा तर मीच नको तो माणूस झालो. आपल्याच समितीच्या पैशाला लाल रंग द्यायला कोणी तयार होत नाही, मीपण पिवळ्यावर सही केली, खोटं कशाला बोलू.

अजून एक, ज्या गावांत हे नव्याने करणार असतील त्यांनी तारीख आधी ठरवून घ्या. आमच्याकडे दिवाळीनंतर निम्मं गाव कामाला बाहेर असतं, होळीला परत येतं. होळीनंतर ठेवा असं आम्ही लेखी दिलं होतं. यंदाची जनसुनवाई जानेवारीत लागलीये.